पाण्यातून वाजणारी गिटार

"ताई, आवाज जरा वाढवून द्या." माझ्या धंद्यात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा मला कुणी "जेवलीस का?" म्हणूनही विचारलं नसेल. माणूस चप्पल काढायच्या आधी हे बोलतो. गाणं ऐकवायच्याही आधी बोलतो. काहींनी तर गिटार कव्हरमधून बाहेर काढलेली नसते.

शहापूरच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानामागे माझी खोली आहे. भिंतींना फोम आणि जुन्या गोधड्या, एक बऱ्यापैकी माइक, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची, जी कुरकुरते म्हणून कुणाला हलू देत नाही. त्याआधी मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत मी आवाजाचं काम केलं. सासऱ्यांचं आजारपण निघालं म्हणून गावी आले आणि इथलीच झाले. वाटलं होतं, इथं माझं काम कुणाला लागणार? पण तोवर घरोघरी फोन आले होते. मागोमाग गिटारी आल्या. शहापूर-मुरबाडकडच्या पोरांनी, बापांनी, मास्तरांनी घरात बसून गिटार वाजवायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर चढवायची, असं सुरू झालं. चढवल्यावर तिचा चोथा झाला की ते माझ्याकडे येऊ लागले.

हा चोथा का होतो, ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढं घोटाळा होणार नाही. तुम्ही गाणं चढवता, ते ती साइट जसंच्या तसं ठेवत नाही. साठवायला आणि पाठवायला सोपं जावं म्हणून ती फाइल लहान करते, आणि लहान करताना आवाजातला काही भाग काढून टाकते. काढलेलं परत येत नाही. दुसरं म्हणजे, फार मोठ्या आवाजात दिलेलं गाणं ती स्वतःहून खाली ओढते. म्हणजे तुम्ही घरी दाबून, ठोकून, चेपून आवाज मोठा केलात, तर तो मोठेपणा जातो आणि चेपलेपण तेवढं राहतं. म्हणून आवाज टोकाला न नेता वर थोडी मोकळी जागा सोडायची, फार चेपायचं नाही आणि मूळ फाइल एकदाच चढवायची. एवढंच आहे. यात काही गूढ नाही.

हे मी सचिनला सांगितलं. सचिन मुरबाडजवळच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हात चांगला आहे. पण त्याचं गाणं चढवलं की फाटायचं.

"सचिन, तू आवाज छताला नेऊन टेकवलायस. साइट फाइल लहान करते तेव्हा तो वर आपटतो. म्हणून फाटतो. थोडा खाली घे."

"पटलं ताई, एकदम पटलं."

"छान."

"फक्त बाकी सगळं तसंच ठेवून आवाज जरा वाढवून द्या."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायले. असे दिवस माझे जातात. पण दामूकाकांनी मला जितकं छळलं, तितकं कुणी छळलेलं नाही, आणि सांगण्यासारखी गोष्टही त्यांचीच आहे.

दामूकाका मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या अलीकडच्या एका गावचे. नोकरी धरणावर, दरवाजांच्या यंत्रांच्या देखभालीची. तिथल्या कॉलनीत केरळकडचे एक इंजिनिअर राहायचे, त्यांच्याकडून काका गिटार शिकले. इंजिनिअर बदलून गेले, जाताना गिटार काकांना देऊन गेले. निवृत्त झाल्यावर काका रोज ओट्यावर बसून ती वाजवायचे. सिनेमातलं काही नाही. ते बायकोच्या ओव्या वाजवायचे.

बायको शेवंताकाकी, माहेर उंबरमाळीच्या वरच्या अंगाला. त्यांच्या माहेरी बायका जात्यावर, लावणीत, विहारात बसून ओव्या म्हणायच्या. बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या, आईबापाच्या. काकींचा गळा त्या भागात नावाजलेला होता. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. आता बोलतात तेव्हा सुपात तांदूळ पाखडल्यासारखी खरखर येते. तेव्हापासून काकी चारचौघींत जायच्या बंद झाल्या. विहारात नाही, माहेरी नाही, लग्नाला गेल्या तर जेवून लगेच परत. लोक "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारतात, ते त्यांना सोसायचं नाही.

म्हणून ओव्यांच्या चाली आता दामूकाकांच्या गिटारीत होत्या. आणि काकांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळव्याकडे ओढलं जात होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण तारा पूर्वीसारख्या दाबता येतील याची खात्री नाही. काका सावध माणूस. बोटं उघडत होती तोवर त्यांनी घरी बसून येतील तेवढ्या सगळ्या चाली फोनवर रेकॉर्ड केल्या. काही महिन्यांनी पुतणीकडून त्या इंटरनेटवर चढवून घेतल्या. मग स्वतः ऐकल्या आणि थेट माझ्याकडे आले.

"बाय, माझी गिटार पान्यातून वाजते."

ऐकल्याबरोबर मला कळलं. तार छेडली की सुरुवातीचा ठोका ऐकू येत होता, पुढचा नाद मधेच गिळला जात होता, आणि मागं सगळीकडे बुडबुड चालली होती. काकांच्या फोनमधलं रेकॉर्डिंगचं ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं. सतत वाजणारी कुठलीही गोष्ट म्हणजे पंखा किंवा गाडी, असं ते धरून चालतं आणि पुसून टाकतं. तारेचा लांबलेला नाद त्यानं पंखा समजून पुसला होता. त्यात काकांनी फाइली पुतणीला चॅटवर पाठवल्या, तिथं त्या दाबल्या गेल्या. पुतणीनं व्हिडिओच्या ॲपमध्ये घालून त्यांना फुलांची चित्रं जोडली, तिथं आणखी दाबल्या गेल्या. मग साइटनं दाबल्या. एवढ्या दाबादाबीतून लोखंडाचा खांबही सरळ निघाला नसता.

"काका, फोनमधल्या मूळ फाइली द्या. तेवढ्यावर काहीतरी करता येईल."

"त्या नायत."

"नाहीत म्हणजे?"

"फोन भरला व्हता. काढून टाकल्या."

"चाली काढून टाकल्या? आणि काय ठेवलंत?"

काकांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यात सुप्रभात होतं. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप, पुन्हा गुलाब. शेकड्यांनी. मी फोन पालथा करून परत दिला; तोंड उघडलं असतं तर वयाचा मान राहिला नसता.

"इंटरनेटवर हायत की," काका म्हणाले. "तिथून घे आनि साफ कर. तुझ्या मशिनला येत नाय का?"

मी समजावलं. आवाज कुठं दडून बसलेला नाही, तो उरलेलाच नाही. मशीन खरखर कमी करील, पण तारेचा जो नाद गेला तो आणणार कुठून? काका ऐकून घेत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारत होते, "पन थोडा तरी?" शेवटी म्हणाले, "मंग एवढं मशिन कशाला मांडून ठेवलंयस?"

"काका, परत वाजवा. मी नीट रेकॉर्ड करते."

त्यांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला. बोटं टेबलाला लागत नव्हती. मधल्या महिन्यांत ती आणखी वाकली होती.

"ह्यानं वाजवू?"

मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त मला संताप आला. त्यांचा, त्या ॲपचा, गुलाबांचा, पुतणीच्या फुलांचा. त्या संतापात मी म्हणाले, "मग दाबू नका तारा! मांडीवर आडवी ठेवा आणि लोखंडाच्या नळीनं वाजवा!"

काका उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. मला वाटलं, दुखावला म्हातारा. आता परत येत नाही.

खरं तर मी बोलले ते अगदीच काहीतरी नव्हतं. मुंबईच्या स्टुडिओत एक वयस्कर वादक यायचे, ते गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवायचे. त्यांचा सूर गळ्यातून आल्यासारखा यायचा. पण ते सगळं रीतसर शिकलेले. मी तर रागात बोलून गेले होते.

काही आठवड्यांनी काकांचा फोन आला. "बाय, नळी जमली. तुझा माइक घिऊन ये."

गेले. ओट्यावर काका बसलेले, गिटार मांडीवर आडवी. तारा वर उचलल्या जाव्यात म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी कानशीनं घासून खुंट्यांच्या अलीकडे बसवली होती. हातात स्टीलच्या जाड नळीचा तुकडा, आरशासारखा घासलेला. धरणाचे दरवाजे सांभाळलेला माणूस, त्याला हे जड नव्हतं. नळी धरायला अंगठा आणि पहिली दोन बोटं पुरत होती. वाकलेल्या दोन बोटांचं तिथं काही काम नव्हतं.

त्यांनी वाजवलं. सुरुवातीला नळी तारांवर खरडत होती, सूर थोडा खाली लागत होता. शेवंताकाकी दारात उभ्या होत्या. त्या आपल्या खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "वर घ्या जरा. अजून. तिथं थांबू नका, घसरा." काका घसरले. एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मधली सगळी वाट ऐकू आली. बोटांनी दाबून वाजवलेल्या गिटारीत ती वाट नसते. माणसाच्या गळ्यात असते.

काकी म्हणाल्या, "आता ओवीसारखं वाजतंय. पयलं सुतारकाम वाटायचं."

इतकी वर्षं त्याच ओव्या वाजवत आलेल्या काकांच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

मग रेकॉर्डिंग. घरी रेकॉर्डिंग म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षाच असते. पहिल्यांदा पंखा बंद. मग फ्रिज बंद, तर काकी म्हणाल्या दूध नासेल. दूध शेजारी पाठवायचं ठरलं. शेजारीण दूध घ्यायला आली ती ऐकायला बसली आणि बांगड्या वाजवायला लागली. खोलीत गोधड्या टांगल्या. काकांनी आपणहून माइक गिटारीच्या भोकासमोर आणून ठेवला, कारण आवाज तिथून येतो. मी तो बाजूला, दांडी जिथं गिटारीच्या अंगाला मिळते तिकडे वळवला, कारण भोकासमोर नुसतं घुमतं. मी पाणी प्यायला गेले की माइक परत भोकासमोर. त्यात म्हशाच्या जत्रेचे दिवस, रस्त्यावरून बैलांचे टेम्पो आणि भोंगे. एक चाल चांगली जमायची आणि शेवटचा सूर विरत असताना कुणीतरी हॉर्न द्यायचं. तो विरणारा सूर मला हवा होता. सगळी मारामारी त्याच्यासाठीच होती.

"शेवट संपला की लगेच 'झालं' म्हणू नका काका. तार पूर्ण गप्प होऊ द्या."

"बरं." वाजवायचे, शेवटचा सूर लावायचे. "झालं."

काही दिवस मी अशी जात-येत राहिले. एकेक चाल पकडली. आवाज मुद्दाम मध्यम ठेवला, साफसफाईच्या नावाखाली काही पुसलं नाही. खोलीतली थोडी हवा, काकांचा श्वास, ते तसंच राहू दिलं. घरी नेऊन साध्या फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं, कारण लोक त्याच्यावरच ऐकणार. खालचे सूर तिथं ऐकू येत नव्हते, ते हलक्या हातानं थोडे मोकळे केले. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवल्या.

काकांना फोन केला, तयार आहे म्हणून. ते म्हणाले, "पाठव चॅटवर, पुतनी चढवील."

मी फोन ठेवून दिला. मग परत लावला, आणि पुतणीचा पासवर्ड मागून घेऊन माझ्या खोलीतूनच चढवलं. एकदाच. फुलं न जोडता.

ऐकून काका म्हणाले, "साफ हाय. तारेचा शेवट येतोय. पन बाय..."

"आवाज वाढवायचा नाही."

"जयंतीच्या गान्यांचा किती मोठा येतो."

"काका, तुमच्या फोनला बाजूला एक बटण आहे. ते दाबा."

ते काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकी बोलल्या. म्हणाल्या, "त्यांचं मनावर घिऊ नको. रोज ऐकत्यात. मला बी ऐकवत्यात."

आता जे झालं ते माझ्या हातातलं नव्हतं. काकींच्या माहेरी त्यांची भावजय आहे, बायजाबाई. तिच्या सुनेनं त्या चाली फोनवर लावल्या. विहाराबाहेर बायका बसल्या होत्या. चाल ओळखीची निघाली आणि बायका त्या गिटारीवर ओव्या म्हणायला लागल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ घेतला आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरत काकींकडे आला. मी त्या दिवशी माइकचा स्टँड परत न्यायला त्यांच्याकडे गेले होते. काकींनी फोन माझ्या हातात दिला.

आवाज भयंकर होता. गिटार लांब कुठंतरी, वारा माइकवर आपटतोय, एक मूल रडतंय, बायकांचे आवाज एकमेकांत चिकटून त्यांचा लगदा झालेला. एवढ्या कष्टानं जपलेल्या तारेच्या नादाची ही दशा बघून माझ्या तोंडून "अरे देवा, हे कुणी..." एवढं निघालं.

"गप गो," काकी म्हणाल्या. "ऐकू दे."

त्यांनी फोन कानाशी धरला. बायजाबाई एकटी एक ओवी म्हणत होती. काकींचा चेहरा बदलला.

"ही मी इसरले व्हते," त्या म्हणाल्या. "ही आई म्हनायची. परत लाव."

परत लावलं. शब्द असे होते:

सभेला निघाली माय, घाट उतरून अनवानी
तिच्या कडेवरी...

पुढचं नाव कळेना. वारा नेमका तिथं आपटत होता. मग शेवट: डोळ्यांत पानी.

"सोनी," दामूकाका म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. "रानी वाटतंय."

"तानी हाय," काकी म्हणाल्या. "तानी म्हंजे माझी आई. आजीनं तिला कडेवर घिऊन बाबासाहेबांच्या सभेला नेली व्हती, आई सांगायची. ही आमच्याच घरची ओवी हाय म्हंजे. आईचं नाव हाय तिच्यात."

पुन्हा लावलं. मी म्हटलं, मी खोलीवर नेऊन नीट ऐकते, वारा थोडा कमी करून बघते. नेलं. हेडफोन लावून बराच वेळ घालवला. पण ती फाइल इतक्या फोनांतून दाबली जाऊन आली होती की त्या ठिकाणी अक्षरच नव्हतं. पुढचं "नी" तेवढं होतं. सोनी म्हणा, रानी म्हणा, तानी म्हणा. मी आयुष्यभर हेच काम केलंय, आणि एका म्हाताऱ्या बाईला तिच्या आईचं नाव मला ऐकवता आलं नाही. मी तसं काकींना फोनवर सांगितलं.

"बायजाबाईंना फोन करून विचारा ना," मी म्हटलं.

"तिला फोनवर माझं कळत नाय. 'काय, काय' करत बसते." मग म्हणाल्या, "मी जाते."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. ऑपरेशननंतर त्या माहेरी राहायला गेलेल्या नव्हत्या. पण गेल्या. काकांना घरी ठेवून, एकट्या. दोन दिवस म्हणून गेल्या त्या आठवडा राहिल्या. काका मला फोन करून विचारत होते, पेज किती शिजवायची. मी शहापुरातली आवाजाची बाई आहे, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली.

काकी परत आल्यावर मी मुद्दाम भेटायला गेले. आवाज तसाच खरखरीत. पण बसल्या होत्या पुढच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा.

"मग, कुणाचं नाव?" मी विचारलं.

"रानी. तुझं बरोबर निघालं. बायजाच्या नातीचं नाव." त्या हसल्या. "बायजा म्हनली, त्या ओवीत नाव ठरलेलं नसतं गो. जी बाई म्हनते ती आपल्या पोरीचं घालते. आईच्या तोंडून मी तानी ऐकलं, कारन आजीनं तेच घातलं व्हतं. आई तशीच म्हनत राहिली."

"म्हणजे तुमच्या घरची ओवी नाही ती."

"हाय की. सगळ्यांच्याच घरची हाय." त्यांनी पदर सारखा केला. "मंग बायका म्हनल्या, आता तू म्हन. मी म्हनलं, माझा गळा गेला. तर म्हनतात कशा, आमी काय गळा ऐकायला बसलोय?"

"म्हटलीत?"

"म्हनले. फाटका तसा. कुनी 'काय' म्हनून इचारलं नाय."

"कुणाचं नाव घातलंत मग?"

काकी जरा लाजल्या. काकांकडे बघून घेतलं, ते गिटारीच्या खुंट्या पिळत होते.

"पोरगी तर मला नाय. म्हनून माझंच घातलं," त्या म्हणाल्या. "शेवंता त्या चालीत बसत नाय. मी बसवलं."